स्वस्तातला कॅमेरा घेताना: ‘कोणती कंपनी चांगली?’

आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने कॅमेऱ्यावर काय बोलावं? पण मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी आम्हाला गाठून एकच प्रश्न विचारला. ‘सर, हाताशी थोडे पैसे आहेत, एक बरा कॅमेरा घ्यायचाय. कॅनन घेऊ, निकॉन घेऊ, की सोनी?’ घरी जाऊन आम्ही विचार करू लागलो, तेव्हा वाटलं की कॅमेऱ्याच्या अगोदर हा प्रश्नच तपासून बघावा.

आधी आमची स्वतःची फजिती सांगतो. निवृत्त झालो तेव्हा आम्ही एक कॅमेरा घेतला. खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा मोठा, झूमचा आकडा त्याहून मोठा, कंपनी नावाजलेली. सहा महिन्यांनी नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सभागृहात अंधार, आम्ही अकराव्या रांगेत. शंभरेक फोटो काढले, एकही धड आला नाही. चेहरे हललेले, रंगांवर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे. कॅमेरा बिघडलेला नव्हता बरं का. तो उन्हात सहलीला न्यायचा कॅमेरा होता, आम्ही त्याला अंधारात नेलं. पैसे गेल्याचं एवढं काही नाही. पण सहा वर्षांच्या पोरीचा तो नाच काही पुन्हा होणार नव्हता.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत तिसरा संशय, आणि लगेच चौथा प्रयोजन. निर्णय येतो नवव्या जागी. आपण दुकानात काय करतो? संशयावरून थेट निर्णयावर उडी मारतो. ‘चांगला कॅमेरा’ म्हणजे कशासाठी चांगला, हे आधी ठरलं नाही तर तुलनेला आधारच राहत नाही. मग दोन मित्र आपापल्या कंपनीची बाजू घेऊन भांडतात. न्यायशास्त्रात त्याला जल्प म्हणतात: सत्य कळावं म्हणून नव्हे, जिंकावं म्हणून केलेली चर्चा.

आता कंपनीचं नाव म्हणजे काय ते बघू. कॅनन हे नाव १९३४ सालच्या ‘क्वानॉन’ नावाच्या प्रायोगिक कॅमेऱ्यावरून आलं. क्वानॉन म्हणजे जपानी बौद्धांची करुणेची देवता, आपल्याकडचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हे त्याचंच रूप. नाव सुंदर आहे, पण नावावरून फोटो कसा येईल ते कळत नाही. याच एका नावाखाली खिशात मावणारे छोटे कॅमेरेही येतात आणि लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरेही येतात. शिवाय निकॉनच्या कित्येक कॅमेऱ्यांतला सेन्सर सोनीने बनवलेला असतो. म्हणजे बाहेर एक नाव, आत दुसऱ्याचं काम.

सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी. लांबच लांब झूमच्या बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत ती साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असते. कॅननच्या लेन्स बदलता येणाऱ्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढा: जवळजवळ बारापट. पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर कशात जास्त पाणी साठेल? अंधारात हाच फरक पडतो. आमच्या हातात त्या दिवशी वाटी होती.

आणि मेगापिक्सेल? आठ बाय दहा इंचाचा उत्तम छापील फोटो हवा असेल, दर इंचाला ३०० ठिपके धरले, तर २४०० गुणिले ३०००, म्हणजे ७२ लाख ठिपके लागतात. सात मेगापिक्सेलच्या थोडं वर. फुल एचडी टीव्हीवर तर वीस लाखांच्या आसपासच ठिपके असतात. आज साध्यातल्या साध्या नव्या कॅमेऱ्यातही याहून जास्त असतात. तेव्हा त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

लेन्सचं मात्र सोयरिकीसारखं आहे. कॅमेरा घेतला की आपण त्या घराण्याशी जोडले जातो, कारण एका कंपनीच्या माउंटची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर सरळ बसत नाही. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षं चालते. तेव्हा कंपन्यांची तुलना करायचीच तर इथे करावी. सोनीचा ई माउंट २०१० चा, त्यामुळे त्याला इतर कंपन्यांच्याही भरपूर लेन्स मिळतात. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड, दोन्ही २०१८ चे. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये एक सामाईक माउंट आणला. त्यात एकाची लेन्स दुसऱ्याला चालते. जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. कुणी स्वस्तात जुनी लेन्स दिली आणि तिच्यातही मोटर नसली, तर फोकस हातानेच करावा लागेल.

नव्या स्वस्त कॅमेऱ्यांचं उदाहरण घेऊ. कॅननचा आर१००, निकॉनचा झेड३०, सोनीचा झेडव्ही-ई१०. तिघांचे सेन्सर जवळपास एकाच मापाचे. आर१०० ला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे, पण मागचा पडदा वळत नाही आणि बोटाच्या स्पर्शाने चालत नाही. उरलेल्या दोघांचा पडदा वळतो, स्पर्शानेही चालतो, पण व्ह्यूफाइंडर नाही. आता, ज्याला भर उन्हात पक्षी टिपायचेत त्याला डोळा लावायची सोय हवी. जिला स्वतःचं पाककृतीचं चित्रण करायचंय तिला वळणारा पडदा हवा. दोघांनी एकमेकांचा सल्ला घेतला तर दोघंही फसतील. तिघांच्याही बॉडीत हाताचा कंप सावरणारी यंत्रणा नाही. ती लेन्समध्ये आहे का, ते विचारून घ्या.

दुकानात गेल्यावर कॅमेरा हातात धरा. बोटं बटणांपर्यंत पोचतात का? चष्मा लावून नीट दिसतं का? वजन मानेला झेपेल का? इथे दुसऱ्याचा शब्द कामाचा नाही, प्रत्यक्षच प्रमाण. पक्कं बिल आणि इथल्या कंपनीची वॉरंटी घ्या. आपल्या गावाजवळ दुरुस्ती केंद्र कुणाचं आहे ते विचारा. पुष्कळदा कंपनीची निवड एवढ्यावरच होऊन जाते. आणि पावसाळ्यात, कोकणात तर हमखास, लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांचे पैसे आधीच बाजूला काढा.

एका भगिनींची चिठ्ठी आली आहे: ‘मोबाइल असताना कॅमेरा घ्यावाच कशाला?’ उत्तम प्रश्न. उजेड असेल, माणसं जवळ असतील, फोटो फक्त पाठवायचा असेल, तर घेऊ नये. मोबाइल पुरेसा आहे. अंधार, अंतर आणि हालचाल, यांतलं काही असेल तरच खर्च करावा.

आम्ही शेवटी काय केलं तेही सांगतो. ओळखीच्या एकाकडून जुनी बॉडी घेतली आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स. बॉडीबरोबर येणारी नेहमीची लेन्स झूम पूर्ण ताणल्यावर एफ ५.६ वर येते. त्या मानाने हिच्यातून नऊपटीहून जास्त प्रकाश आत येतो. हिला झूम नाही, म्हणून पुढच्या वर्षी आम्ही तासभर आधी जाऊन दुसऱ्या रांगेत बसलो. बारा फोटो चांगले आले. नातीने त्यांतले दोन ठेवून घेतले; बाकीच्यांत म्हणे तिची वेणी वाकडी दिसते.