माळ्यावरच्या बाईचं नाव

शार्लट ब्रॉन्टीची 'जेन एअर' (१८४७) ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असते. निदान तिच्यावरचा सिनेमा तरी पाहिलेला असतो. रॉचेस्टरच्या घरात माळ्यावर कोंडलेली त्याची वेडी बायको बर्था आठवते? ती जमैकाची. तिची बाजू मात्र तिथं कुणी विचारत नाही.

जीन रीस यांना हे खुपलं. त्यांचा जन्म १८९० सालचा, कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचा. वडील वेल्सचे डॉक्टर, आई बेटावरच जन्मलेल्या गोऱ्यांपैकी, म्हणजे 'क्रिओल'. (हा शब्द मिश्र वंशाच्या लोकांनाही लावतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो.) १९६६ मध्ये त्यांची 'वाइड सारगॅसो सी' आली आणि माळ्यावरच्या बाईला बालपण मिळालं, नाव मिळालं: आंत्वानेत.

काळ १८३४ नंतरचा, गुलामगिरी कायद्यानं संपल्यानंतरचा. आंत्वानेतच्या घराण्याचा मळा गुलामांच्या कष्टावर उभा राहिलेला. आता पैसा गेलाय. कृष्णवर्णीय शेजारी तिला झुरळ म्हणून हिणवतात, आणि इंग्लंडहून आलेले गोरे तिला आपल्यातली मानत नाहीत. घराण्याचं पाप रीस झाकत नाहीत. म्हणूनच मला ही कादंबरी नुसती कैफियत वाटत नाही.

सावत्र वडील मेसन जेवणाच्या टेबलावर पूर्वेकडून मजूर आणण्याचा बेत बोलून दाखवतात, तोही नोकराणीसमोर. हा बेत काल्पनिक नव्हे. १८४५ मध्ये भारतीय मजुरांचं पहिलं जहाज खरोखरच जमैकाला पोहोचलं.

पुढं संतापलेला जमाव घर पेटवतो. आंत्वानेत धावते ती टियाकडे, तिच्या बालमैत्रिणीकडे. दोघी एकाच डोहात पोहलेल्या, एकत्र जेवलेल्या. टिया दगड मारते. एकीच्या चेहऱ्यावर रक्त, दुसरीच्या चेहऱ्यावर अश्रू, आणि दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. कादंबरीतला हा सर्वांत जबरदस्त प्रसंग, असं माझं मत.

मग लग्न. इंग्रज नवऱ्याला कादंबरीत नावच नाही, आणि तो मात्र बायकोचं नाव बदलून तिला बर्था म्हणू लागतो. हुंड्याचा पैसा त्याच्या हाती आलेला असतो.

शेवटचा भाग इंग्लंडमधल्या माळ्यावरचा. तिथं तिला घराला आग लागल्याचं स्वप्न पडतं. ती छपरावर उभी आहे. खाली तोच डोह आहे आणि काठावरून टिया तिला बोलावते आहे.