द्विफलक फाइल व्यवस्थापक

द्विफलक फाइल व्यवस्थापक हा संगणकावरील फाइली (संचिका) आणि फोल्डर हाताळण्यासाठी वापरला जाणारा आज्ञावलीचा एक प्रकार आहे. यात पडदा उभा दुभागलेला असतो व दोन्ही भागांत दोन स्वतंत्र फोल्डरांतील फाइलींच्या याद्या एकाच वेळी दिसतात. नॉर्टन कमांडर, टोटल कमांडर, मिडनाइट कमांडर आणि डबल कमांडर ही या प्रकाराची प्रसिद्ध उदाहरणे होत.

रचना आणि कार्यपद्धती

दोन फलकांपैकी एक फलक कोणत्याही क्षणी सक्रिय असतो. निवडपट्टी त्यातच फिरते आणि आज्ञा त्यातील फाइलींना लागू होतात. सक्रिय फलक हा उगम व दुसरा फलक हे गंतव्य असे गृहीत धरले जाते. त्यामुळे नक्कल करताना फाइल कोठून कोठे जाणार, हे आधीच नजरेसमोर असते. एकाच खिडकीच्या व्यवस्थापकात फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरात जाईपर्यंत पहिला फोल्डर दृष्टीआड होतो. तेथे त्याच नावाची जुनी फाइल आहे की नाही, हे आधी कळत नाही.

टॅब कळ दाबल्यावर सक्रिय फलक बदलतो. बहुतेक कामे वरच्या ओळीतील कळांनी होतात : एफ-३ ने फाइल पाहणे, एफ-४ ने संपादन, एफ-५ ने नक्कल, एफ-६ ने स्थलांतर किंवा नामांतर, एफ-७ ने नवा फोल्डर आणि एफ-८ ने फाइल काढून टाकणे. इन्सर्ट कळेने एकामागून एक फाइली निवडता येतात. या कळा जवळजवळ सर्व द्विफलक व्यवस्थापकांत समान आहेत. म्हणून एक शिकलेल्यास दुसरा फारसा परका वाटत नाही.

इतिहास

या प्रकाराला लोकप्रियता मिळवून देणारा नॉर्टन कमांडर जॉन सोचा यांनी डॉस कार्यप्रणालीसाठी लिहिला व तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडमधील क्रिस्टियान गिस्लर यांचा विंडोज कमांडर १९९३ मध्ये आला. २००२ पासून तो टोटल कमांडर या नावाने ओळखला जातो. मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये युनिक्स कुळातील कार्यप्रणालींसाठी मिडनाइट कमांडरची सुरुवात केली. मिडनाइट कमांडर आणि डबल कमांडर हे मुक्तस्रोत आहेत. टोटल कमांडर चाचणीच्या मुदतीनंतर विकत घ्यावा लागतो.

अनुकूलन

वापरणाऱ्याने आपल्या कामाप्रमाणे मांडणी बदलून घेणे, याला अनुकूलन म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

१. आवडत्या फोल्डरांची यादी : टोटल कमांडर व डबल कमांडर यांत कंट्रोल आणि डी या कळांनी ती उघडते. रोज लागणारे फोल्डर तिच्यात नोंदविल्यास दरवेळी मार्ग शोधावा लागत नाही.

२. स्तंभ : नाव, आकार, तारीख यांखेरीज हवे ते स्तंभ जोडता येतात. दोन प्रतींतील नवी कोणती, हे ठरविताना तारखेचा स्तंभ सेकंदांसह दाखविणे उपयुक्त ठरते.

३. रंग : फाइलींच्या प्रकारानुसार रंग नेमता येतात. चित्रे एका रंगात व मजकूर दुसऱ्या रंगात असल्यास चुकून आलेली फाइल चटकन ध्यानात येते.

४. साधनपट्टी व कळा : वारंवार लागणाऱ्या आज्ञांसाठी बटणे किंवा स्वतःच्या कळा ठरविता येतात. मिडनाइट कमांडरमध्ये एफ-२ कळेने उघडणारी यादी वापरणाऱ्याला स्वतः लिहिता येते.

या सर्व निवडी साध्या मजकुराच्या फाइलींत साठविल्या जातात. त्यांची प्रत जपून ठेवल्यास नव्या संगणकावर तीच मांडणी पुन्हा उभी करता येते.

उदाहरण : सातारा आणि सांगली

दोन फलकांची उपयुक्तता स्थानिक इतिहासाच्या कागदपत्रांवरून स्पष्ट होते. १९४९ साली, संस्थानांच्या विलीनीकरणानंतर, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली जिल्हा हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवा किंवा तासगाव येथील जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’, त्यानंतरच्या कागदावर ‘दक्षिण सातारा’ आणि पुढच्यावर ‘सांगली’ असा उल्लेख येतो. १९४३ ते १९४६ या काळातील चळवळ साताऱ्याचे प्रतिसरकार म्हणून ओळखली जाते. परंतु तिचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र आणि चळवळीचे महत्त्वाचे केंद्र असलेले कुंडल ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत.

अशा कागदांची छायाचित्रे लावताना डाव्या फलकात ‘सातारा’ आणि उजव्या फलकात ‘सांगली’ हा फोल्डर उघडता येतो. कागद केवळ मथळ्यावरून एका बाजूस टाकला, तर गावाचा इतिहास दोन ठिकाणी विखुरतो. एफ-३ ने कागद पाहून, गाव व साल ताडून, मग एफ-५ ने नक्कल करणे हा सुरक्षित मार्ग होय. दोन्ही जिल्ह्यांशी संबंध असलेला कागद दोन्हीकडे ठेवता येतो. नावात साल, गाव व विषय हा क्रम पाळल्यास कागद कालक्रमाने लागतात.

अनेक फाइलींची नावे एकदम बदलण्यासाठी सामूहिक नामांतराची सोय असते. तीत जुने व नवे नाव शेजारी शेजारी दिसते; प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी ही यादी शेवटपर्यंत वाचणे आवश्यक असते.

देवनागरी नावांतील अडचणी

युनिकोडमुळे फाइलींना मराठी नावे देता येतात. परंतु डोळ्यांना सारखी दिसणारी नावे संगणकाला सारखी असतीलच असे नाही. ‘कऱ्हाड’ या नावातील ‘ऱ’ हे एकच अक्षरचिन्ह म्हणून किंवा ‘र’ व खालचा नुक्ता असे दोन चिन्हांनी लिहिता येते. साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही तेच रूप उमटते. विंडोज आणि लिनक्स सामान्यतः या रूपांचे एकीकरण करीत नाहीत. परिणामी एकाच फोल्डरात ‘कऱ्हाड’ नावाच्या दोन फाइली राहू शकतात, आणि दोन फलकांची तुलना करताना त्या वेगळ्या ठरतात. ‘साताऱ्यातील’ या रूपातही हीच अडचण येते. शोध घेऊनही फाइल सापडत नसेल, तर ती हरवली असे मानण्यापूर्वी हे कारण तपासावे. सामूहिक नामांतराने सर्व नावांत एकच रूप आणता येते.

क्रम संकेतांकांनुसार लावला असल्यास ‘क्षेत्र माहुली’ हे नाव ‘कोरेगाव’नंतर आणि ‘खटाव’पूर्वी येते, कारण ‘क्ष’ हे ‘क’पासून सुरू होणारे जोडाक्षर मानले जाते. ‘ळ’ हा वर्ण मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर न येता ‘ल’नंतर येतो. इंग्रजी अंक देवनागरी अक्षरांच्या आधी व देवनागरी अंक अक्षरांच्या नंतर येतात. म्हणून एका संग्रहात एकाच लिपीतील अंक वापरणे इष्ट असते. तसेच लिनक्समधील प्रचलित फाइलरचनांत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व अनुस्वार धरून, ३ बाइट घेते. त्यामुळे नाव ८५ चिन्हांपुरतेच ठेवता येते.

दक्षता

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी सांगली शहरात शिरले. कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असणे किती गरजेचे आहे, हे अशा प्रसंगी कळते. अशी प्रत अद्ययावत ठेवण्यासाठी फोल्डरांचे समक्रमण करता येते : दोन्ही फलकांतील फाइली ताडून फरक दाखविला जातो आणि मग नक्कल होते. मात्र टोटल कमांडरमध्ये एकतर्फी समक्रमणाचा पर्याय निवडल्यास डावीकडे नसलेल्या फाइली उजवीकडून काढून टाकल्या जातात. फलकांची अदलाबदल झालेली असेल, तर जतन करण्यासाठी सुरू केलेले काम मूळ संग्रहच पुसू शकते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही फलकांच्या माथ्यावरील मार्ग वाचावेत आणि काढून टाकण्याच्या फाइलींची संख्या पाहावी. पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल विंडोजमध्ये सहसा कचरापेटीत जात नाही, हेही लक्षात ठेवावे.