काचबिंदूच्या लेसरनंतर डोळ्यात रक्त दिसल्यास

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते बदलले की नजर येते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातील पाण्याचा दाब वाढून मेंदूकडे जाणारी नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही. लेसर करावयाचे ते उरलेली नजर राखण्यासाठी.

काहींच्या डोळ्यात पाणी बाहेर जाण्याचा कोपरा अरुंद असतो. अशा वेळी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला याग लेसरने बारीक छिद्र पाडतात. पाट तुंबला की बांध फोडून वाट करून द्यावी, तसाच हा प्रकार. या पडद्यात रक्तवाहिन्या असतात. त्यामुळे छिद्र पाडताना थोडे रक्त येणे ही नेहमीची गोष्ट आहे. डॉक्टर डोळ्यावरची काच थोडा वेळ दाबून धरतात व रक्त थांबते. त्या दिवशी धूसर दिसते. उरलेले रक्त बहुधा काही दिवसांत आपोआप जिरते.

खरी काळजी दाबाची. लेसरनंतर पहिल्या काही तासांत तो एकदम चढू शकतो, म्हणून तासा-दोन तासांनी पुन्हा मोजतात. चोपडा, साक्रीकडून आलेली मंडळी एस.टी. चुकेल म्हणून दाब न मोजताच निघतात, हे बरोबर नाही. डोळा खूप दुखू लागला, उलटी झाली, नजर कमी होत गेली किंवा बाहुलीपुढे रक्त साठलेले दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांची रुग्णालये जवळ आहेत.

हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास लेसरपूर्वी सांगावे. मनाने बंद करू नयेत. रक्त आले असेल तर डोके उंच ठेवून झोपावे, डोळा चोळू नये आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत केळीचे घड, खतांच्या गोण्या उचलू नयेत. गुलाबपाणी, मध, दूध डोळ्यात घालू नये. लाली दिसली म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणण्याची आपल्याकडे फार खोड आहे. त्यांतील स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास काहींच्या डोळ्यांचा दाबच वाढतो. लेसरनंतर डॉक्टर असे थेंब देतात, पण मोजक्या दिवसांसाठी व तपासणी ठेवून.

अशा रुग्णाचा दुसरा डोळाही बहुधा तसाच अरुंद असतो. पहिल्या वेळी रक्त दिसले म्हणून दुसऱ्या डोळ्याचे लेसर टाळू नये. सख्ख्या भावंडांनीही एकदा दाब व कोपरा तपासून घ्यावा.