ऊस वाहतुकीच्या ट्रकला पाणी कोणते घालावे?



बेणे, खते आणि पाणीपाळी यांबद्दल आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा असला तरी आपल्या पदरात पडणाऱ्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे.

गेल्या हंगामात नेरकडून ऊस भरून निघालेला एक ट्रक इंजिन तापून वाटेतच उभा राहिला. हेडचे गॅस्केट गेले होते. दुरुस्ती होऊन गाडी काट्यावर आली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला जावा, हे आपण जाणताच. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटते आणि रसातील साखरही कमी होते. वजनाचा तोटा त्या सभासदाचा. उताऱ्याचा तोटा मात्र आपणा सर्वांचा.

आम्ही चालकाला विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, आपल्या इकडं कुठं बर्फ पडते? मंग कूलंट काहून टाकाचं? विहिरीचं पाणी चालते न!”

हा गैरसमज पुष्कळांचा आहे. कूलंट म्हणजे केवळ थंडीत पाणी गोठू नये म्हणून घालायचे औषध नव्हे. आपल्याकडे त्याची कामे तीन आहेत.

पहिले काम उकळी लांबवण्याचे. रेडिएटरच्या टोपणात स्प्रिंग असते. तिच्यामुळे आत दाब राहतो आणि पाणी उशिरा उकळते. साधारण १५ पौंडांच्या टोपणाखाली साधे पाणी सुमारे १२१ अंश सेल्सिअसला उकळते. ग्लायकॉल व पाणी निम्मे-निम्मे असेल तर सुमारे १२९ अंशांना. मार्चच्या उन्हात भरल्या गाडीने चढ चढताना हे आठ अंश फार मोलाचे असतात. टोपणच सैल असेल तर मात्र हा फायदा मिळत नाही.

दुसरे काम गंज रोखण्याचे. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी तापवायच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनात आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो व उष्णता बाहेर पडू देत नाही. कारखान्याच्या बॉयलरला आपण शुद्ध केलेलेच पाणी देतो. मग ट्रकच्या इंजिनाने काय घोडे मारले?

तिसरे काम लायनर वाचवण्याचे. जड डिझेल इंजिनाचे लायनर बहुधा थेट पाण्यात असतात. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, बाहेरच्या बाजूला बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला टाचणीएवढे खड्डे पडू लागतात. खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये उतरते आणि इंजिन खोलावे लागते. जड डिझेलसाठीच्या कूलंटमध्ये यावर उपाय करणारी द्रव्ये असतात. मोटारकारच्या कूलंटमध्ये ती असतीलच असे नाही.

म्हणून ट्रकमालक सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घ्यावे. डब्यावर ‘हेवी ड्युटी डिझेल’ असा उल्लेख पाहावा. एएसटीएम डी ६२१० हे मानक जड इंजिनांसाठीच्या कूलंटचे आहे.

२) रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनी आपल्या मर्जीने देते. दोन प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत.

३) घट्ट कूलंट असेल तर त्यात क्षारविरहित किंवा डिस्टिल्ड पाणी साधारण निम्मे घालावे. तयार मिश्रणात पाणी घालू नये. नुसते घट्ट कूलंट घातल्यास इंजिन जास्तच तापते, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे.

४) ब्रिक्स पाहण्यासाठी आपण रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. त्याच तत्त्वावरचे, पण कूलंटची वेगळी पट्टी असलेले यंत्र मिळते. त्यावर ग्लायकॉलचे प्रमाण कळते. गंजरोधक द्रव्ये शिल्लक आहेत की नाहीत, हे मात्र त्यावर कळत नाही. म्हणून पुस्तिकेतील मुदतीला कूलंट बदलावेच.

५) इंजिन तापले असताना टोपण उघडू नये, वाफेने तोंड-हात भाजतात. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड तडकते. इंजिन निवू द्यावे.

६) काढलेले कूलंट बांधावर किंवा नाल्यात ओतू नये. ते चवीला गोड पण विषारी असते. जनावरे व कुत्री ते पिऊन दगावतात. लहान मुलांपासूनही दूर ठेवावे.

पोळ्याला आपण बैलांना न्हाऊ-माखू घालतो, त्यांचे खांदे शेकतो. ट्रकच्या रेडिएटरचीही तशीच निगा हंगामाआधी राखली, तर भरला ऊस रस्त्यात वाळणार नाही. वाहतुकीच्या करारासाठी येताना प्रत्येक ट्रकमालकाने कूलंट केव्हा बदलले याची नोंद सोबत आणावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी