पाण्याची पारख – भाग ५ : खानावळीची विहीर

मागच्या भागात विहिरीत जंतू मारणारी टीसीएल (क्लोरीनयुक्त) पावडर कशी टाकायची ते पाहिलं. आता त्याच विहिरीवर पाहुण्यांचा स्वयंपाक होत असेल तर काय तपासायचं, ते पाहू.

दिवेआगरला आलेले पर्यटक बहुधा एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीतच जेवतात. भात, आमटी, उकडीचे मोदक आचेवरून उतरलेले असतात. त्यांची काळजी कमी. सोलकढीचं तसं नाही. आमसुलं भिजवायला आणि खोबऱ्याचं दूध काढायला लागणारं पाणी उकळलेलं नसतं, थेट विहिरीवरच्या टाकीतून येतं. "आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे हो!" असं यजमान खात्रीनं सांगतात. ते गोड असतंही. पण जिभेला कळतो तो खारटपणा. जंतू कळत नाहीत.

म्हणून किनाऱ्यावरच्या विहिरीची वर्षातून दोनदा तपासणी हवी, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणासाठी.

पहिली मे महिन्यात. तेव्हा गर्दी असते आणि पंप दिवसभर चालतो. जमिनीखाली गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेबानं गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली, तर खालचं खारं पाणी सुमारे ४० फूट वर सरकू पाहतं. या वेळी विरघळलेले क्षार (टीडीएस) आणि क्लोराइड पाहावं. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरमागे क्षार ५०० आणि क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर सवलतीची मर्यादा अनुक्रमे २,००० आणि १,००० आहे.

दुसरी तपासणी पहिले मोठे पाऊस पडून गेल्यावर. पाहुण्यांसाठी खोल्या वाढल्या, संडास वाढले, वाडी मात्र तेवढीच राहिली. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा, तरी वाळूतून झिरपा होऊ शकतो. इथे मानक सवलत देत नाही: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आढळताच कामा नये. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तरी सांडपाण्याचा किंवा खताचा संशय घ्यावा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत शुल्क भरून खासगी विहिरीचं पाणी तपासता येतं. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच घ्यावी. विहिरीत टीसीएल टाकलं असेल तर तसं आधी सांगावं. क्लोरीनचा असर थांबवणारं रसायन घातलेली बाटली मिळते. स्वयंपाकघरातला नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यावा, बाटलीच्या तोंडाला आणि बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये, थोडी जागा रिकामी ठेवावी. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. विहिरीचा नमुना वेगळा द्यावा. विहीर शुद्ध आणि नळ दूषित निघाला, तर दोष टाकीत किंवा पाइपात आहे.

अहवाल येईपर्यंत जंतूंचा अंदाज देणाऱ्या एच-टू-एस बाटलीचा आधार घेता येतो. तिच्यात भरलेलं पाणी एक-दोन दिवसांत काळं झालं तर विहिरीचं पाणी न उकळता वापरू नका. काळं झालं नाही म्हणून मात्र प्रयोगशाळा टाळू नका.

पुढच्या आठवड्यात : अहवालातला कुठला आकडा आधी वाचायचा?