डोमेनचा जमाखर्च – भाग ६ : मुदत उलटल्यावरचा भुर्दंड

मागच्या भागात आपण डोमेनच्या वार्षिक फीचे पैसे कुणाकुणाच्या खिशात जातात ते पाहिलं. ती फी वेळेत भरायची राहून गेली तर काय, ते या भागात.

असं विसरणं मोठमोठ्यांच्याही अंगलट आलं आहे. १९९९च्या नाताळात हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना लॉग-इनच होईना. मायक्रोसॉफ्टकडून लॉग-इनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायचे राहिले होते. मायकल चेनी नावाच्या प्रोग्रॅमरने ते परस्पर भरून टाकले आणि काम सुरू झालं. आज इतक्या स्वस्तात सुटका होईलच असं नाही.

समजा, तुमच्या डॉट कॉम नावाची मुदत १ जूनला संपली. नाव त्याच दिवशी हातचं जात नाही. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे व्हेरिसाइन, ते आपोआप वर्षभर वाढवते आणि रजिस्ट्रारकडून, म्हणजे तुम्हाला नाव विकणाऱ्या कंपनीकडून, पैसे घेते. रजिस्ट्रारने ४५ दिवसांत नाव रद्द केलं, तर ते पैसे त्याला परत मिळतात. त्यामुळे फार तर १६ जुलैपर्यंत साध्या नूतनीकरणावर भागू शकतं. त्यातले किती दिवस तुम्हाला द्यायचे, हे रजिस्ट्रार ठरवतो. काही जण तर याच काळात नाव लिलावात काढतात; तशी अट करारात असते.

नाव रद्द झालं की ३० दिवसांचा रिडेम्प्शन पिरियड, म्हणजे सोडवणुकीचा काळ, लागतो. संकेतस्थळ बंद, त्या नावावरची ईमेलही बंद. इथून नाव परत आणायला व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून ४० डॉलर घेते. ग्राहकाकडून मात्र अनेक ठिकाणी ८० डॉलर किंवा जास्त मागितले जातात, शिवाय नूतनीकरणाची फी वेगळी. एवढे का? कारण या काळात नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. गहाण दागिना ज्या सावकाराकडे, त्याच्याकडूनच सोडवावा लागतो, तशातली ही गत.

नाव १६ जुलैला रद्द झालं असेल, तर १५ ऑगस्टनंतरचे पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’चे. तेव्हा कितीही पैसे मोजले तरी नाव परत मिळत नाही. त्यानंतर ते पहिल्या येणाऱ्याचं.

डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनच्या २०१३पासून लागू असलेल्या धोरणानुसार रजिस्ट्रारने मुदतीआधी दोनदा आणि मुदतीनंतर पाच दिवसांत एकदा सूचना द्यायची, आणि सोडवणुकीची फी ग्राहकाला आधीच कळेल अशी ठेवायची. ती किती असावी, यावर मात्र बंधन नाही. डॉट इनला तर हे धोरणच लागू नाही. तिथला कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे.

तेव्हा नाव घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका. सोडवणुकीची फी आधी वाचा. आणि संपर्कासाठी त्याच डोमेनवरची ईमेल देऊ नका. नाव बंद पडलं की त्यानंतरची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

(पुढील भागात : मुदत संपलेल्या नावांचे लिलाव)