पिकअपला बटणाचे टायर टाकताय? आधी टायरच्या बाजूचा आकडा वाचा

सोलापूर : पाऊस लागला की जिल्ह्यातल्या टायरच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते, "जाड बटणाचे टायर दाखवा." डाळिंबाचे क्रेट, कांद्याच्या पिशव्या, दुधाचे कॅन, पेंड, खत, सगळं पिकअपवर चालतं. रानातून डांबरीपर्यंतचा शेवटचा किलोमीटर पावसात गाडीचा जीव काढतो. मग मोबाईलवर डोंगर चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघून ऑल-टेरेन टायर टाकायचं ठरतं. टायर वाईट नाहीत. पण पिकअप ही माल ओढणारी गाडी आहे, हे खरेदीच्या वेळी विसरलं जातं.

आधी टायर समजून घेऊ. साधा हायवे टायर म्हणजे उभ्या रेघांची नक्षी. डांबरीवर मऊ चालतो, टिकतो जास्त. ऑल-टेरेनला बटणं सुटी आणि खाचा खोल असतात. मुरूम, खडी, दगडगोट्याच्या वाटेवर तो पकड धरतो आणि सहसा लवकर फाटत नाही. तिसरा मड टायर, त्याची बटणं मोठी आणि मधली फट रुंद. तो चिखल फेकून देतो, पण डांबरीवर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरीवर ब्रेक लागायला जागा जास्त घेतो.

आता आपली माती. सांगोल्याकडं मुरमाड, दगडाची रानं जास्त. तिथं ऑल-टेरेनचा पैसा वसूल होतो. मंगळवेढ्याची भारी काळी रानं किंवा भीमेकाठचे उसाचे पट्टे इथं गोष्ट वेगळी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते. पाच-दहा फेऱ्यांत ऑल-टेरेनच्या खाचा भरून टायर गुळगुळीत गोळा होतो. मग बटणं असून नसल्यासारखी. अशा रानात कुठलाही टायर घातला तरी वापसा येईपर्यंत थांबणं किंवा वाटेवर मुरूम टाकून घेणं जास्त कामाचं. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे. ग्रामपंचायतीत त्याची चौकशी करा, रस्ता झाला तर टायरचा अर्धा खर्च वाचेल.

आता मुख्य मुद्दा, वजनाचा. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं. तो आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याची खूण. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०८ म्हणजे १००० आणि ११२ म्हणजे ११२० किलो. अक्षर वेगाचं असतं. काही टायरवर ११२/११० असे दोन आकडे असतात. त्यातला पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा ट्रकसारख्या जोडचाकासाठी. आपल्या पिकअपला मागं एकेक चाक, म्हणून पहिला धरायचा.

हिशोब करून बघा. समजा दीड टन मालातला १२०० किलो भार मागच्या अ‍ॅक्सलवर आला आणि गाडीचं स्वतःचं ७०० किलो तिथं आहे. झाले १९०० किलो, म्हणजे एका टायरवर ९५०. दुकानात दिसायला झकास असलेले बरेच ऑल-टेरेन टायर हे जीप आणि एसयूव्हीसाठी बनवलेले असतात. १०५ आकड्याचा असा टायर ९२५ किलोचा. तो या गाडीखाली पहिल्याच खेपेला कमी पडला. वर कांद्याच्या चार पिशव्या जादा टाकायची आपली सवय आहेच. म्हणून कंपनीच्या टायरवर जो आकडा आहे, तेवढा किंवा त्याच्या वरचाच घ्या. मापाजवळ 'एलटी' किंवा 'सी' ही अक्षरं असली तर तो मालवाहू गाडीचा टायर समजायचा. दुकानदार "काही होत नाही, सगळे हेच टाकतात" म्हणाला तरी आकडा स्वतः वाचा. मोबाईलचा टॉर्च त्यासाठीच आहे.

माप वाढवायचा मोह दुसरा. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला की टायरची उंची साधारण ७०३ मिलिमीटरवरून ७३३ वर जाते. गाडी जमिनीपासून उचलली जाते फक्त १५ मिलिमीटर, दीड बोटही नाही. बदल्यात चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं होतं. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास पळत असते आणि भरल्या गाडीला चढावर ओढ कमी पडते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला किंवा आतल्या रॉडला घासतो का, हे रिकाम्या गाडीवर कळत नाही. माल भरून, खड्ड्यातून नेऊन बघावं लागतं. शिवाय कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. आमच्या मते मालाच्या गाडीला मूळ मापच बरं.

डिस्कचंही तसंच. २३५ च्या टायरला किमान ६ इंच रुंदीची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर तो मधून फुगतो आणि मधूनच झिजतो. चाक बाहेर काढून रुबाब दिसावा म्हणून काही पोरं बाहेर येणारी डिस्क किंवा मध्ये स्पेसर टाकतात. त्याने भार बेरिंगपासून लांब जातो, बेरिंग लवकर जातं, स्टिअरिंग जड होतं आणि सगळा चिखल दरवाजावर उडतो. रिकाम्या गाडीत जे खपतं ते दीड टन मालाखाली खपत नाही. लोखंडी डिस्क काढून अलॉय टाकली तर तिचे नटही वेगळे लागू शकतात, जुनेच नट आवळून निघू नका. चाक बदललं की ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

चारही टायर एकदम बदलायला पैसे नसतील तर? आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला ओढ मागच्या चाकांची. तेव्हा मागची जोडी ऑल-टेरेन आणि पुढं साधे टायर असं चालतं. एकाच अ‍ॅक्सलवर दोन तऱ्हेचे टायर मात्र नकोत. फोर-व्हील गाडी असेल तर चारही सारखेच लागतात, नाहीतर गिअरवर ताण येतो. रिकामी पिकअप चिखलात मागून हलकी पडते आणि चाक जागेवर फिरतं. नवीन टायर घेण्याआधी मागच्या अ‍ॅक्सलवर वाळूची चार पोती टाकून बघा, पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागतं.

वेड्या बाभळीचा काटा आणि तोडलेल्या उसाची बुडखी हे आपले खरे वैरी. ट्यूबलेस टायरमध्ये काटा घुसला तरी हवा सहसा हळू जाते, गाडी घरी येते. बुडखा बाजूला लागला तर बटणं कितीही जाड असोत, गाल फाटतोच आणि बाजूचं पंक्चर भरवशाचं निघत नाही. तोडणी झालेल्या फडात गाडी घालूच नका.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो, भरल्या गाडीचा मागचा वेगळा. सकाळी टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पुण्याच्या रस्त्यावर टायर फुटतो, त्यामागं बहुतेक वेळा कमी हवा, जास्त माल आणि वेग असतो. गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. चिखलात पकड यावी म्हणून हवा कमी करणारे आहेत. रिकाम्या गाडीला, हळू चालवताना एक वेळ ठीक, पण डांबरीवर यायच्या आधी भरा.

पैसे देताना आयएसआय खूण आणि तारीख बघा. बाजूवर 'डीओटी' अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. खूप जुना टायर स्वस्तात मिळत असला तरी उन्हात पडलेलं रबर कडक झालेलं असतं. जुने टायर काढताना खाचांतली झिजेची खूण बघा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की चिखल सोडा, तो डांबरीच्याही कामाचा राहिलेला नाही. आणि स्टेपनीत कुठला टायर आहे तेही त्याच दिवशी वाकून बघा.